कारण न देता

मे महिना. म्हसरूळला विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही सहा जण, पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे.
सहा आठवडे जैवनीतिशास्त्र, शेवटी प्रमाणपत्र.
आई शेजारणीला सांगायची,
"काहीतरी नीतीचं आहे. पगार नाही."

कर्नावट मॅडमनी पहिल्याच दिवशी
अकरा पानी संमतीपत्र हातात ठेवलं.
म्हणाल्या, हे मराठीतच आहे. आता मराठीत करा.
आणि केलेलं रोज रंगनाथ काकांना वाचून दाखवा.
काका ग्रंथालयातले शिपाई.
ज्या ओळीवर त्यांना जांभई येईल
तिथं पेन्सिलीनं फुली.
पहिल्या पानावर सतरा फुल्या.

"प्रतिभागी" गेला. "यादृच्छिक" गेला.
"जैविक नमुना" म्हणजे रक्त, एवढं कबूल करायला तीन दिवस लागले.
पाच मिलीचा एक चमचा केला
तर झोया म्हणाली, चमचा कुठला?
आमच्या मालेगावात चहाचा वेगळा, औषधाचा वेगळा.
त्यात एक दुपार गेली.

समितीची बैठक आम्ही मागच्या खुर्च्यांवरून पाहिली.
प्रवासखर्च दोनशे द्यावा की तीनशे?
तीनशे म्हणजे आमिष होईल का?
पाऊण तास, काजूकतली संपेपर्यंत.
मी वहीत लिहिलं: आमिष.
गळाला लावतात ते.
पुढं काही सुचलं नाही, म्हणून एक मासा काढला.

चार पानं उरली. त्यातलं एक वाक्य माझं:
"तुम्ही केव्हाही, कारण न देता, यातून बाहेर पडू शकता."
या ओळीवर काकांना जांभई आली नाही.
त्यांनी विचारलं, नोकरीला पण लागू आहे का हे?

मग सरकारी दवाखाना, सिकलसेलच्या अभ्यासाचं टेबल,
आणि पेठच्या पलीकडच्या पाड्यावरून आलेली
येसनाबाई भोये.
मी कागद उघडायच्या आत तिनं अंगठा पुढं केला,
रेशनच्या मशीनवर ठेवतात तसा, दुसरीकडे बघत.
म्हटलं, आधी ऐका.
तिनं ऐकलं. माझं वाक्य तीनदा वाचायला लावलं.
मग विचारलं, रगत एकटंच जाणार का पुण्याला?
चार पानांत याचं उत्तर नव्हतं.
हो, म्हटलं. डब्यात. बर्फ घालून.
"गार पडंल," ती म्हणाली,
आणि अंगठा दिला.

पुढच्या मंगळवारी परत आली.
पेठ नाक्यापासून चालत, एक चप्पल हातात,
तिचा अंगठा तुटलेला.
"माझं नाव काढ."

आणि मी, ज्यानं ते वाक्य लिहिलं,
त्यातला एक शब्द वगळू नये म्हणून
मॅडमशी दोन दिवस भांडलो,
त्या माझ्याच तोंडून निघालं:
"का?"

ती बघत राहिली. राग नव्हता.
सोपं गणित चुकलेल्या पोराकडे बघतात, तसं काहीतरी.
"तूच वाचलं ना? तीन डाव."

नोंदवहीत रकाना होता, माघारीचं कारण.
मी आडवी रेघ ओढली. वाकडी आली.
रात्रभर तीच रेघ.
सुई दुखली असेल. घरचं कुणी बोललं असेल.
दोनशे रुपयांत जाऊन-येऊन काही उरत नसेल.
बर्फ?
की माझा आवाज, वाचतानाचा,
शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा?

प्रयोगशाळेत वानखेडे भाऊंनी तिची नळी शोधली,
चिठ्ठी नखानं सोलली, रसायनात बुडवली,
लाल पिशवी उघडली, बांधली.
माझ्याकडे एक कागद सरकवला, नष्ट केल्याचा दाखला.
"इथं सही मार, जेवायचं राहिलंय माझं."
मी मारली.

जिना अर्धा उतरल्यावर लक्षात आलं
की त्यावर काय लिहिलं होतं ते मी वाचलंच नाही.
परत वर गेलो.
दाराला कुलूप.